घाणेरीचे हत्ती

घाणेरीची काठी कोरडी सोलायला घेतली तर साल तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि तिच्यावरचे बारीक काटे बोटांत शिरतात. म्हणून ती आधी उकळतात. मोठं पिंप, खाली जाळ, आत पाण्यात बुडवलेले फोकांचे भारे. पुरेशा शिजल्या की साल ढिली होते, आणि काठ्या गरम असतानाच ती ओढून काढायची. आतलं लाकूड फिकट, गुळगुळीत, चिवट निघतं. ओलं असेपर्यंत त्याला हवा तसा बाक देता येतो, आणि वाळलं की तो बाक कायमचा. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. एवढं सोसणारी, एवढी टिकणारी आणि फुकट मिळणारी काठी आपण दीड-दोनशे वर्षं नुसती शिव्या देत तोडत आलो आहोत.

बाजूला लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा असतो. खऱ्या हत्तीएवढा उंच, वेल्डिंगने जोडलेला. त्यावर या काठ्या एकीला एक लावून खिळ्यांनी ठोकत जायचं. पाठीवरून पोटाकडे उतरणारा उतार, गुडघ्याशी सैल पडलेल्या कातडीच्या घड्या, सोंडेचं वळण, हे सगळं काठ्यांच्या दिशेतून उभं करायचं असतं. काठी चुकीच्या दिशेने गेली की हत्ती फुगलेला दिसतो. माती असती तर अंगठ्याने दाबून चूक निस्तरता आली असती. इथे खिळे उपटावे लागतात.

हे काम करणारी माणसं निलगिरीच्या गुडलूर भागातली आणि कर्नाटकातल्या मलै महादेश्वराच्या डोंगरांतली आहेत. बेट्टा कुरुंबा, पणिया, काट्टुनायकन आणि सोलिगा या चार आदिवासी समाजांतले दोनशेच्या आसपास कारागीर. त्यांच्या समूहाचं नाव ‘द रिअल एलिफंट कलेक्टिव्ह’. त्यांनी घडवलेले हत्ती लंडनच्या राजेशाही बागांत उभे राहिले, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उभे राहिले आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत फिरून आले. त्याच्या बातम्या बऱ्याच झाल्या, फोटो त्याहून जास्त. पण त्या बातम्यांत काठीचं नाव एका ओळीत उरकलेलं असतं, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या काठीत आहे.

घाणेरी आपल्याला नवी नाही. कुठे तिला टणटणी म्हणतात. गावाच्या वेशीवर, पडीक माळावर, रेल्वेच्या रुळांकडेला, घाटातल्या वळणावर ती असतेच. पिवळ्या-केशरी-गुलाबी फुलांचे गुच्छ, फुलपाखरांची गर्दी, आणि पाव्हण्यासारखी आली ती घरच बळकावून बसली असा तिचा स्वभाव. पोरं तिची पिकून काळी झालेली फळं खातात. गुरं मात्र पानाला तोंड लावत नाहीत, आणि उपासमारीत लावलंच तर यकृतावर परिणाम होऊन कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. शेताच्या कुंपणाला ती याचसाठी बरी.

तिचं माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. तिथून ती सतराव्या शतकात युरोपातल्या काचघरांत गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिला शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणलं. पुढचं काम बुलबुल-साळुंक्यांनी केलं. फळ खायचं, उडायचं, बी टाकायचं. भारतीय वन्यजीव संस्थेतल्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, देशातल्या व्याघ्रक्षेत्रातल्या जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरमध्ये घाणेरी घुसली आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर आहे. त्याच्या निम्मं धरा. तिला रोखायला ऑस्ट्रेलियातून रस शोषणारा कीडा मागवून झाला, तो १९४१ मध्ये. कीडा आला, राहिला, आणि घाणेरीही राहिली.

म्हैसूरहून उटीला गेलेल्या मराठी पर्यटकाने हे पाहिलेलं असतं, फक्त ते पाहतो आहोत हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. गुंडलुपेट सोडलं की बंदीपूरचं जंगल सुरू होतं. गाडीतली मुलं खिडकीला नाक लावून हत्ती, वाघ शोधतात आणि दोन्ही बाजूंना हिरवं दाट काहीतरी दिसत राहतं. आईवडील म्हणतात, किती छान जंगल आहे! त्या हिरव्यातलं बरंचसं घाणेरी असतं. तिच्याखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून चितळाला, गव्याला, हत्तीला खायला नाही. प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो इथे नसेल तर तो रस्ता ओलांडून केळीच्या बागेत जाणार. यात हत्तीची काही खोडी नाही.

ती इतकी माजली कशी, याचं उत्तर वनशास्त्राच्या पुस्तकांत बराच काळ ‘परदेशी, आक्रमक जात’ एवढंच होतं. सोलिगांचं उत्तर वेगळं होतं. कर्नाटकातल्याच बिळिगिरिरंगन डोंगरांतले सोलिगा उन्हाळ्याच्या तोंडाला, पाचोळा वाळला की छोट्या छोट्या आगी लावत. या आगीला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. ती गुडघ्याच्या वर जात नसे. खालचा पाचोळा जळे, गवताचे कोंब येत, वाटा मोकळ्या राहत, कोवळी घाणेरी फळं धरायच्या आतच करपून जाई. आवळ्याच्या झाडांवरचं बांडगूळही त्यामुळे आटोक्यात राही, असं ते सांगतात. मग १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं. सोलिगांना आतल्या पोडांतून, म्हणजे त्यांच्या वस्त्यांतून, उठवून कडेला बसवलं आणि आग हा गुन्हा ठरला. वनखात्याच्या लेखी आग म्हणजे जंगलाचा नाश. इंग्रजांनी सागवान मोजायला घेतलं तेव्हापासूनची ही समजूत.

भरत सुंदरम आणि अंकिला हिरेमठ या अभ्यासकांनी त्याच डोंगरांत मोजणी केली. १९९७ मध्ये पाहणीच्या एकेचाळीस टक्के तुकड्यांत घाणेरी होती. २००८ मध्ये एक्याऐंशी टक्के. अकरा वर्षांत दुप्पट. सोलिगा म्हातारे जे सांगत होते ते ऐकायचं ठरलं असतं तर एवढी वाट पाहावी लागली नसती. आता मात्र ‘तर मग पुन्हा आग लावा’ म्हणणंही सोपं राहिलेलं नाही. माणसाच्या उंचीची वाळकी घाणेरी पेटली की ती पाचोळ्याची आग उरत नाही, ज्वाळा शेंड्यांना भिडतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूर जळलं ते असंच. म्हणजे औषध होतं तेव्हा ते बंद केलं, आणि रोग इतका वाढवला की आता तेच औषध विष झालं आहे.

कारागिरीकडे यायचं तर वाट याच बाजूच्या डोंगरांतून जाते. मलै महादेश्वराच्या बाजूला वेत आणि बांबूचं काम करणारे हात होते. आपल्याकडे बुरूड समाज करतो तसं : टोपल्या, सुपं, चटया. वेत दुर्मीळ होत गेला, बांबू तोडण्यावर निर्बंध आले. हात रिकामे आणि भोवती घाणेरीचं रान. बेंगळुरूच्या ‘अट्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेने २००४ च्या सुमारास तिथे घाणेरीच्या फर्निचरचं प्रशिक्षण सुरू केलं. उकळण्याची, सोलण्याची, वाकवण्याची युक्ती तिथे पक्की झाली. वेताला जिथे गाठ मारतात तिथे घाणेरीला खिळा लागतो, कारण ती वेताइतकी लवत नाही. खुर्च्या झाल्या, सोफे झाले, मोड्यासारखी बैठी आसनं झाली. वेताच्या मानाने स्वस्त आणि दिसायला बरीचशी तशीच. पण खुर्चीचं एक दुखणं असतं. प्लास्टिकची खुर्ची तिच्याहून स्वस्त पडते, आणि गावातल्या बाजारात त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. हत्तीला प्लास्टिकचा स्पर्धक नव्हता!

खुर्चीपासून हत्तीपर्यंतची उडी गुडलूरच्या मंडळींनी मारली. गुडलूर हे निलगिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक तिथे एकमेकांना खेटतात. चहा-कॉफीचे मळे, त्यांच्यामध्ये जंगलाचे तुकडे, आणि सुमारे पाचशे चौरस किलोमीटरच्या प्रदेशात अडीच लाख माणसं व दीडशेच्या आसपास हत्ती. अभयारण्यात राहणारे हे हत्ती नव्हेत. ते मळ्यांतून फिरतात, पाणवठ्यावर येतात, रात्री बस स्टँडच्या मागून जातात म्हटलं तरी तिथे कोणी दचकणार नाही.

माणसंही एका जातीची नाहीत. केरळातून आलेले शेतकरी आहेत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेतून परत पाठवलेले तमिळ मजूर आहेत. आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचे आदिवासी. त्यातल्या पणियांची गोष्ट ऐकताना आपली मान खाली जाते. वायनाडातल्या वळ्ळियूरकावच्या देवीच्या जत्रेत जमीनदार त्यांना वर्षाच्या बोलीवर कामाला बांधून घेत. माणसांचा बाजारच तो. बेट्टा कुरुंबा बांबूकामात आणि हत्ती हाताळण्यात तरबेज. काट्टुनायकन मध काढणारे. ऑस्कर मिळालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटातलं थेप्पकाडूच्या छावणीतलं जोडपं याच समाजातलं. थेप्पकाडू गुडलूरहून फार लांब नाही.

या भागात संघटनेचा एक मुरलेला वारसा आहे. स्टॅन आणि मारी तेक्केकरा यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘अ‍ॅकॉर्ड’ ही संस्था सुरू केली, त्यातून ‘आदिवासी मुन्नेत्र संगम’ उभा राहिला, आणि ५ डिसेंबर १९८८ रोजी गुडलूरच्या रस्त्यावर आदिवासींचा जमिनीच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. दहा हजारांच्या घरात माणसं होती. पुढे आदिवासींचं स्वतःचं रुग्णालय झालं. या सगळ्याच्या सावलीत वाढलेला स्टॅन-मारींचा मुलगा तार्श हत्तींचा अभ्यासक झाला. माणसं आणि हत्ती एकाच जागेत कसे निभावतात हा त्याचा विषय. त्याचा एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो : ‘माणूस’ असा एकच कोणी नाही आणि ‘हत्ती’ असाही एकच नाही. एखादा हत्ती शांतपणे वाटेने निघून जातो, दुसरा घरातल्या तांदळाच्या वासाने भिंत पाडतो. काट्टुनायकन माणूस हत्तीला वाट देऊन, त्याच्याशी दोन शब्द बोलून बाजूला होतो. नुकताच आलेला शेतकरी फटाके घेऊन धावतो.

म्हणून हे पुतळे ‘हत्तीचे’ नाहीत, विशिष्ट हत्तींचे आहेत. गुडलूर परिसरातल्या ओळखीच्या रानटी हत्तींची छायाचित्रं, त्यावरून तार्शची पत्नी आणि चित्रकार शुभ्रा नायर हिने काढलेले आराखडे, आणि त्यावरून सांगाडे. कोणाच्या कानाची वरची कड पुढे दुमडलेली, कोणी मखना, म्हणजे सुळे नसलेला नर, कोणी आईच्या पोटाखाली घुसणारं पिल्लू. हत्ती ओळखायचा तो कानाच्या घडीवरून, शेपटीच्या गोंड्यावरून, पाठीच्या उतारावरून. हे कारागिरांना शिकवावं लागलं नाही. पहाटे कामावर जाताना समोर कोण उभं आहे हे ज्याला धुक्यात ओळखता यावं लागतं, त्याच्या हातात ही नजर आधीच असते. कलाशाळेत हत्ती शिकलेल्याचा पुतळा बहुधा सुंदर होईल. याचा पुतळा खरा होतो.

लंडनचा धागा कुठून आला? मार्क शँड नावाचा एक इंग्रज उनाड प्रवासी १९८८ मध्ये ओडिशात आला, त्याने तारा नावाची हत्तीण विकत घेतली आणि तिच्यावर बसून कोणार्कहून बिहारमधल्या सोनपूरच्या जत्रेपर्यंत गेला. छायाचित्रकार आदित्य पाटणकर हा त्याचा या प्रवासातला सोबती. त्यावर शँडचं पुस्तक गाजलं. तारा पुढे कान्हाजवळच्या एका छावणीत राहिली. शँडने २००२ मध्ये आशियाई हत्तींसाठी ‘एलिफंट फॅमिली’ ही संस्था काढली. त्याची बहीण कॅमिला, आज ब्रिटनची राणी. २०१० मध्ये या संस्थेने लंडनभर अडीचशेहून अधिक रंगीत फायबरचे हत्ती उभे करून लिलावात विकले. त्यातले बरेच हत्ती नामवंत कलावंतांनी रंगवलेले. शँड २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पडून डोक्याला मार लागल्याने गेला. त्याच्या सहकारी रूथ गणेश यांनी पुढचा कळप करायला घेतला तेव्हा फायबरऐवजी घाणेरी आली आणि नामवंत कलावंतांऐवजी गुडलूरची माणसं. दोन्ही प्रदर्शनांमधला हा फरक मला कळपाच्या संख्येहून मोठा वाटतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीतून जेमतेम बाहेर आलेल्या लंडनमध्ये शंभराहून अधिक हत्ती ग्रीन पार्क, सेंट जेम्स पार्क, बर्कली स्क्वेअर इथे चरताना दिसले. कळपाच्या पुढे तारा. २०२४ च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या लालबागेत हत्ती आले, आणि त्याच वर्षी जुलैत शंभरांचा कळप अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला उतरला. तिथून न्यूयॉर्क, मायामी बीच, ह्यूस्टन. मग माँटानातल्या ब्लॅकफीट या मूळ अमेरिकी समाजाच्या भूमीवर. बायसनचे प्रचंड कळप गोऱ्यांनी मारून संपवलेले ज्यांच्या पूर्वजांनी पाहिले ती ही माणसं, आणि आज बायसन परत आणायला धडपडणारी. माझ्या दृष्टीने सगळ्या दौऱ्यातला हा एकच मुक्काम असा, जिथे यजमानांना पाहुण्यांकडून काही शिकायचं नव्हतं. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सला दौरा संपला.

हत्ती विकायला होते. पिल्लू आठ हजार डॉलर, सुळेवाला नर बावीस हजार डॉलरपर्यंत. पैसा माणूस-प्राणी सहजीवनावर काम करणाऱ्या संस्थांना, आणि कारागिरांना मजुरी. मळ्यावरच्या रोजंदारीपलीकडे पर्याय नसलेल्या घरांत हे काम नियमितपणे पोचलं, ही कमाई मला सगळ्यात ठोस वाटते.

आता शंका. पहिली घाणेरीची. शंभर हत्तींना लागून लागून किती काठ्या लागतील? दीड लाख चौरस किलोमीटरपुढे ते काहीच नाही. शिवाय जमिनीलगत नुसती छाटली तर घाणेरी पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली रीत वेगळी आहे : मुळाचा गड्डा जमिनीखाली काही सेंटिमीटरवर छाटायचा, झुडूप उलटं करून ठेवायचं, आणि मोकळ्या जागी लगेच गवत रुजवायचं, नंतर काही वर्षं नवी रोपं उपटत राहायची. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही. पुतळा जंगल साफ करत नाही. ‘तण काढून कला’ असं कोणी लिहिलं की मला ते अर्धसत्य वाटतं. घाणेरीला किंमत आहे हे दाखवणं वेगळं आणि घाणेरी हटवणं वेगळं. तिला भाव आला, तर ती हटू नये असंही कोणाला वाटू लागेल, ही तिरकी शक्यताही आहेच.

दुसरी शंका अधिक बोचणारी. सहजीवनाचा संदेश जातो कोणाकडे? न्यूयॉर्कच्या चौकात हत्तीच्या सोंडेला हात लावणाऱ्याच्या घरावर उद्या हत्ती येणार नाही. भारतात हत्तींमुळे दरवर्षी पाचशेच्या आसपास माणसं मरतात, आणि शंभरेक हत्ती विजेच्या तारा, रेल्वे, विष, गोळी यांनी मरतात. मरणारी माणसं बहुतेक गरीब असतात, पहाटे शौचाला किंवा कामाला निघालेली.

हे वाचताना सिंधुदुर्गातला वाचक मनात हसत असेल. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि परत गेले नाहीत. तिलारीच्या खोऱ्यात केळी, माड, सुपारी, भात. वर्षानुवर्षं जोपासलेली बाग एका रात्रीत आडवी होते. पुढे आजरा, चंदगडपर्यंत त्यांचा वावर वाढला. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यातले हत्ती पकडण्यात आले. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडमधून कळप आला. गणपतीला पाटावर बसवणाऱ्या घराला परसातला हत्ती नको असतो, आणि त्यात ढोंग नाही. ज्याचा माड गेला त्याला लंडनच्या बागेतला फोटो दाखवून सहजीवन समजावणं हा उद्धटपणा होईल.

पण गुडलूर आणि दोडामार्ग यांच्यात एक फरक आहे, आणि तो हत्तींच्या स्वभावाचा नाही. तिलारीला हत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या खंडानंतर आले. तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं की मादी पिल्लाबरोबर असताना किती अंतर राखायचं, टस्कर माजावर आला हे कशावरून ओळखायचं, फटाका कधी उपयोगी पडतो आणि कधी अंगावर ओढवून घेतो. गुडलूरला हे ज्ञान काट्टुनायकन आणि कुरुंबा घरांत होतंच. इतरांनी ते त्यांच्याकडून शिकायला हवं होतं, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. पणियाला मजूर म्हणून विचारलं गेलं, कुरुंब्याला माहूत म्हणून. जाणकार म्हणून नाही.

तमिळनाडूतच, अण्णामलै डोंगरांतल्या वालपारैला दुसरा प्रयोग झाला. तिथे ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’च्या मंडळींनी मळ्यांतल्या लोकांना हत्ती जवळपास असल्याचा निरोप मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. मोक्याच्या जागी लाल दिवे लावले, जे मोबाइलवरून पेटवता येतात. दिवा लागलेला दिसला की माणूस त्या वाटेला जात नाही. हत्ती हुसकायचे नाहीत, फक्त अचानक समोरासमोर यायचं नाही. बहुतेक माणसं हत्तीने शोधून मारलेली नसतात, अंधारात धडकून मेलेली असतात, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं. दोडामार्गात हे होऊ शकेल. बागेचं नुकसान त्याने थांबणार नाही. त्यासाठी भरपाई वेळेत आणि बाजारभावाने मिळावी लागेल. ती मागणी तिथले शेतकरी इतकी वर्षं करत आहेत, आणि ती सहजीवनाच्या विरोधात नाही, तिची पहिली अट आहे.

कर्नाटकात सोलिगांना २०११ मध्ये, देशात पहिल्यांदाच एखाद्या व्याघ्र प्रकल्पाच्या आत, सामूहिक वनहक्क मिळाले. मध, आवळा, दगडफूल गोळा करायचा हक्क कागदावर आला. पाचोळ्याच्या आगीचा आला नाही. त्या समाजाच्या कारागिरांनी घडवलेला हत्ती विकत घेणाऱ्याला सोबत एक माहितीपत्रक मिळालं, तर त्यात घाणेरी कुठून आली ते असावं, आणि ती इतकी का वाढली हेही असावं. दुसरा भाग छापायला थोडं अवघड जाईल. त्यात वनखात्याचं नाव येतं.